नवीन तलाठ्याचं पहिलं वर्ष: काम कसं धरावं आणि त्यातून काय मिळतं

निवड यादीत नाव आलं की घरी पेढे येतात, आणि पेढा तोंडात टाकता टाकता एखादा पाहुणा हमखास म्हणतो, "तलाठी झालास, आता चांदी आहे बाबा." मी सोलापूर जिल्ह्यात ३१ वर्षं महसूल खात्यात काढली. आधी तलाठी होतो, शेवटची काही वर्षं मंडळ अधिकारी, म्हणजे काही तलाठ्यांवरचा अधिकारी. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की त्या पाहुण्याच्या मनात काय आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. त्याच्या मनात जे आहे ते या नोकरीतलं सगळ्यात हलकं आणि सगळ्यात महाग पडणारं आहे. या नोकरीत मोठं काही नक्की मिळतं. पण ते आपोआप मिळत नाही, पहिल्या दिवसापासून काम एका पद्धतीनं धरलं तरच मिळतं.

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांची जाहिरात होती आणि अर्ज दहा लाखांच्या वर गेले. त्यातून आलेल्या मुलामुलींशी माझं बोलणं होतं. त्यांना ज्या क्रमानं अडचणी येतात त्याच क्रमानं हे लिहितोय. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, कोतवालाला महसूल सेवक म्हणतात. गावात मात्र अजून तलाठी आणि कोतवाल हेच शब्द चालतात, म्हणून मीही तेच वापरतो.

रुजू होण्याआधी

चारित्र्य पडताळणी, जिल्हा शल्यचिकित्सकांचं वैद्यकीय प्रमाणपत्र, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन क्रिमीलेअर, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन, एमएससीआयटी. या सगळ्यांचे तीन-तीन साक्षांकित संच करून ठेवा. एक संच कायम घरी ठेवायचा, तो कुणालाही द्यायचा नाही. वीस वर्षांनी पदोन्नतीच्या वेळी एखादा कागद सापडत नाही तेव्हा हाच संच कामाला येतो.

पगाराचं स्पष्ट बोलू. सातव्या वेतन आयोगात तलाठ्याची वेतनश्रेणी एस-८, म्हणजे मूळ वेतन २५,५०० पासून सुरू होऊन ८१,१०० पर्यंत. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता. पहिला पगार मात्र लगेच हातात पडत नाही. पगाराच्या प्रणालीतला सेवार्थ क्रमांक, निवृत्तिवेतन खात्याचा प्रान क्रमांक, कोषागारातलं बिल, यात दोन-तीन महिने सहज जातात. तेवढ्या दिवसांच्या खर्चाची सोय आधीच करून ठेवा. मी हे आवर्जून सांगतो, कारण पहिली उसनवारी याच दिवसांत होते आणि ती गावातल्या एखाद्या 'चांगल्या माणसाकडून' झाली की पुढे पाच वर्षं त्याच्या शब्दाला नाही म्हणता येत नाही.

१ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाही. तुमच्या पगारातून १० टक्के आणि शासनाचे १४ टक्के असे दरमहा खात्यात जमा होतात. पुढे पर्याय निवडायचा प्रसंग आला तर सहकाऱ्यांच्या गटावरचा संदेश वाचून निवडू नका, कोषागारातल्या एखाद्या जाणत्या लिपिकासमोर बसून आकडे समजून घ्या. वर्षाला ८ किरकोळ रजा, ३० दिवस अर्जित आणि २० दिवस अर्धवेतनी रजा असतात. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत मागून घ्या आणि दरवर्षी नोंदी तपासा. गावाचं दप्तर चोख ठेवणाऱ्या कितीतरी तलाठ्यांचं स्वतःचं सेवापुस्तक निवृत्तीला अपुरं निघालेलं मी पाहिलंय.

पगार वेळेवर येतो, आजारपणात नोकरी जात नाही, म्हातारपणी हाताशी काही असतं. ही लहान गोष्ट नाही. माझे वडील ७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडायला गेले होते. आमच्या घरात पहिली पगाराची पावती मी आणली. तेव्हा सुरक्षिततेसाठी सरकारी नोकरी धरली असं कुणी म्हटलं तर त्याला कमी लेखू नका, आणि स्वतःलाही लेखू नका.

पदभार घेताना

इथे घाई करू नका. आधीच्या तलाठ्याला बदलीच्या गावी जायची घाई असते, तहसीलमधून "आजच चार्ज घ्या" असा फोन येतो, आणि नवीन माणूस यादी न वाचता सही करतो. यादीतल्या प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून ती समोर मागा. गावनकाशा, आकारबंद (प्रत्येक जमिनीचं क्षेत्र आणि आकारणी दाखवणारा तक्ता), जुनी हस्तलिखित फेरफार पुस्तकं (जमिनीवरच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी), गाव नमुना एक ते एकवीसपैकी जे जे दप्तर असेल ते. पान फाटलं असेल तर "पान क्रमांक अमुक फाटलेलं" असं यादीतच लिहा.

तीन गोष्टी तर कधीच गृहीत धरू नका. पहिली, पावती पुस्तकं: कोरी किती, वापरलेली किती, क्रमांक सलग आहेत का. दुसरी, वसूल झालेली पण चलनानं भरायची राहिलेली रक्कम. तिसरी, ई-फेरफार प्रणालीतल्या प्रलंबित नोंदी. प्रलंबित नोंदींची यादी छापून घ्या आणि दोघांच्या सह्या करा. कुठली नोंद किती दिवस का अडली आहे हे आधीच्या माणसाला विचारून समोर पेन्सिलीनं टीप लिहा. ही यादी म्हणजे गावाच्या दुखण्याचा पत्ता असतो.

तुमच्या नावाचं डिजिटल स्वाक्षरीचं डोंगल मिळेल. ते तुमचा हात आहे असं समजा. कामाच्या रेट्यात तलाठी खासगी मदतनीस ठेवतात आणि डोंगल, पासवर्ड त्याच्या हाती देतात. त्यानं काही केलं तर जबाब तुम्हीच द्यायचा. मदतनीस ठेवूच नका, आणि काम उरकत नसेल तर तसं लेखी मंडळ अधिकाऱ्यांना कळवा. "उरकत नाही" असं लिहिण्यात कमीपणा नाही.

पहिला महिना: गाव पायाखालून घाला

सज्जात, म्हणजे तुमच्याकडे सोपवलेल्या भागात, दोन-तीन गावं असतील तर एकेका गावाला निदान तीन दिवस द्या. बरोबर कोतवाल घ्या. कोतवालाइतकं गाव कुणालाच माहीत नसतं. कुठल्या बांधावरून कुणाचं पटत नाही, कुठली विहीर सामाईक आहे, कुठल्या गटाची (क्रमांक दिलेल्या जमिनीच्या तुकड्याची) वहिवाट कागदाला सोडून चाललीय, हे तो चालता चालता सांगतो. त्याला मान द्या, त्याला चहा आणायला पाठवू नका. पोलीस पाटलांना भेटा. त्यांच्या घरी जेवायला मात्र पहिल्या महिन्यात थांबू नका, कारण गावाचं लक्ष असतं.

नकाशा हातात घेऊन शिव फिरा. ओढा नकाशात कुठे आहे आणि जमिनीवर कुठे, पाणंद कुठपर्यंत मोकळी आहे आणि कुठून नांगरून घेतली आहे, हे टिपून ठेवा. रस्त्याचा अर्ज आला की मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अडवलेला रस्ता मोकळा करायचा आहे, की जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून नवा द्यायचा आहे, हे तहसीलदार ठरवतात. पण स्थळ पाहणीचा अहवाल तुमचा असतो. आधी फिरलेला तलाठी तो अहवाल एका दुपारी लिहितो. न फिरलेला दोन्ही बाजूंचं ऐकून गोंधळतो.

मोजमाप तोंडी बसवून टाका. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं: १०० चौरस मीटरचा आर, १०० आरचा हेक्टर, आणि हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकराला किंचित कमी. म्हातारी माणसं एकर-गुंठ्यांत बोलतात, कागद हेक्टरमध्ये बोलतो, आणि मधे दुभाषी तुम्ही. बांधावर उभं राहून हिशेब तोंडी केलात की माणसं तुमच्यावर विश्वास टाकायला लागतात. मोबाइल काढून गुणाकार करायला हरकत नाही, पण तोंडी केलेल्याची गोष्ट वेगळी.

चावडीवर बसायचा वार ठरवा आणि पाटीवर लिहा. काहीही झालं तरी तो वार चुकवायचा नाही. गाव तुमच्या ज्ञानाआधी तुमच्या वाराचा भरवसा धरतं. तालुक्यात अचानक बैठक लागली तर आदल्या रात्री गावाच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाका. पंधरा किलोमीटरवरून एसटीनं आलेल्या म्हातारीला बंद दार दिसू नये, एवढंच.

महिला तलाठ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. अनेक चावड्यांत स्वच्छतागृह नाही. ग्रामपंचायत कार्यालयात किंवा जवळच्या शाळेत बसायची परवानगी लेखी मागा, आणि सांजेनंतरच्या स्थळ पाहणीला कोतवालाशिवाय जाऊ नका. मागणी केलीत म्हणून तुम्ही नाजूक ठरत नाही.

वारस नोंद

या एका कामावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मते तलाठ्याची परीक्षा इथेच होते आणि त्याचं फळही इथेच मिळतं.

खातेदार वारला की तीन महिन्यांत वारसांनी कळवायचं असतं. अर्ज चावडीवर येतो किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून. मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज आल्यावर पोच द्या, न मागता द्या. मग स्थानिक चौकशी, गाव नमुना ६-क मध्ये नोंद, मंडळ अधिकाऱ्यांचा वारस ठराव आणि त्यावरून गाव नमुना ६ मध्ये फेरफार. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे नोंदीची प्रत चावडीवर लावायची आणि हितसंबंधितांना नोटीस बजावायची. हरकतीसाठी १५ दिवस. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते, नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वारस नोंदीला कसलंही शुल्क नाही, हे वाक्य चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.

पुस्तकात हे एवढंच आहे. आता पुस्तकात नसलेलं. माझ्या दुसऱ्या वर्षी एका गावात वारस तपास करायला गेलो. थोरला भाऊ पारावर भेटला, त्यानं वंशावळ सांगितली, चार जणांनी माना हलवल्या, मी लिहून घेतली. तीन भाऊ आणि आई. नोंद झाली. दोन वर्षांनी एक बाई चावडीत आली. शेजारच्या तालुक्यात दिलेली बहीण. ती भांडली नाही. फक्त म्हणाली, "भाऊसाहेब, मी काय मेले व्हते का?" मधल्या काळात भावांनी जमिनीवर कर्ज काढलं होतं, एक तुकडा विकला होता. प्रांत कार्यालयात कलम २४७ खाली अपील, तिथून पुढे आणखी, तीन वर्षं ती हेलपाटे घालत राहिली. माझी चौकशी अर्ध्या तासाची होती, तिनं तीन वर्षं मोजली. अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते, असं कलम १५७ सांगतं. आपण लिहिलेल्या ओळीत एवढं वजन असतं, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर मी जी पद्धत धरली ती अशी. वंशावळ कधीही एका माणसाकडून घ्यायची नाही. एकदा घरच्यांकडून घ्यायची, एकदा भावकी सोडून दुसऱ्या आळीतल्या म्हाताऱ्या बाईकडून. बायकांना लेकी बरोबर आठवतात: कुठली कुठे दिली, कुठली बाळंतपणात गेली आणि तिची लेकरं कुठे आहेत. मग थेट प्रश्न विचारायचा, "बहिणी किती?" आणि उत्तर आलं की, "मयत बहिणींची मुलं?" प्रत्येक बहिणीला नोटीस तिच्या सासरच्या पत्त्यावर पाठवायची. माहेरी भावाच्या हातात दिलेली नोटीस बजावली गेली असं समजू नका.

लेकींच्या हक्काबद्दल गावात अजून घोळ आहे. हिंदू कुटुंबात बायको, आई, मुलगे आणि मुली या पहिल्या वर्गातल्या वारस आहेत, हे १९५६ च्या वारसा कायद्यापासून आहे. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं मुलासारखा हक्क मिळाला, आणि त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायला हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. जुन्या सातबाऱ्यांवर भाऊ भोगवटादार सदरात, म्हणजे मालकाच्या जागी, आणि बहिणी, विधवा इतर हक्कात, अशा नोंदी ढिगानं सापडतील. नवी नोंद करताना ती सवय पुढे नेऊ नका. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तो तिचा निर्णय, पण त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरीची सही घेऊन आणलेला कागद पुरत नाही, हे नम्रपणे आणि दरवेळी सांगा.

आता त्यातून काय मिळतं ते सांगतो. नवरा वारलेली एक बाई, पस्तिशीची, दोन मुलं. दीर नाव लावू देत नव्हते. हरकत आली, सुनावण्या झाल्या, नोंद अखेर तिच्या बाजूनं प्रमाणित झाली. सातबारा घ्यायला ती चावडीत आली. वाचता येत नव्हतं. म्हणाली, "माझं नाव कुठंशी हाय? त्यावर बोट ठिवा." मी बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला केलं आणि तिथे स्वतःचं ठेवलं. बराच वेळ तशीच उभी होती. त्या नावावर तिला सोसायटीचं पीककर्ज मिळालं, शेतकरी योजनांचे हप्ते तिच्या खात्यात येऊ लागले, आणि घरात तिला विचारल्याशिवाय काही होईनासं झालं. मी काही उपकार केला नव्हता, कायद्यात होतं ते केलं होतं. पण कायद्यात असलेलं तिच्या बोटाखाली आणायचं काम माझं होतं. या राज्यात ते काम दुसऱ्या कुणाकडे नाही.

२०२५ मध्ये शासनानं जिवंत सातबारा मोहीम काढली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी. मोहीम संपली तरी असे सातबारे संपत नाहीत. आपल्या गावाच्या आठ-अ च्या, म्हणजे खातेदारांच्या, यादीवरून कोतवालाबरोबर एकदा नजर फिरवा आणि मयतांच्या नावासमोर खूण करा. अर्ज येण्याची वाट न पाहता त्या घरी जा.

पंचनामा

२०१४ च्या मार्चमध्ये गारपीट झाली. डाळिंब, द्राक्षं, काढणीची ज्वारी, सगळं झोडपलं गेलं. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक असे तिघे मिळून आम्ही दिवसाला जमतील तेवढे गट फिरायचो. तेव्हा नुकसान ५० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत (आता ती अट ३३ टक्के आहे), त्यामुळे प्रत्येक बांधावर त्या ५० च्या आकड्याभोवती सगळा जीव अडकलेला. एका म्हाताऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत आम्ही उभे होतो. गावातले दोघे-तिघे म्हणत होते, पूर्ण लिहा, कोण बघायला येतंय. म्हातारा म्हणाला, "निम्मी बाग वाचलीया. निम्मीच ल्ह्या." आम्ही निम्मीच लिहिली. त्या गावाची यादी नंतर ग्रामपंचायतीत वाचून दाखवली तेव्हा एकही हरकत आली नाही. मला वाटतं, त्या म्हाताऱ्यामुळे आली नाही.

पंचनाम्याचे नियम थोडे आहेत आणि कडक आहेत. जागेवर जाऊन लिहायचा. पंचांच्या सह्या मजकूर वाचून दाखवल्यावर घ्यायच्या, कोऱ्या कागदावर कधीच नाही. फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दिसले पाहिजेत. सातबाऱ्यावर पीक एक आणि शेतात दुसरं असेल तर शेतात दिसतं ते लिहायचं. त्यासाठीच हंगामात ई-पीक पाहणीच्या मागे लागा. २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवरून पीक नोंदवतो, पण ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांच्या बांधावर तुम्ही किंवा सहायक गेला नाहीत तर त्यांचं पीक कागदावर उगवतच नाही. मग विमा नाही, मदत नाही, हमीभावाची खरेदी नाही.

एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. वीज पडून किंवा पुरात माणूस गेलं तर कुटुंबाला ४ लाख रुपयांची मदत मिळते, पण त्यासाठी शवविच्छेदन अहवाल लागतो. दुःखात असलेले लोक लगेच अंत्यविधी करतात आणि मग मदत वर्षानुवर्षं अडते. बातमी कळताच सगळ्यात आधी तुम्ही तिथे पोचा, घरातल्या जाणत्या माणसाला बाजूला घेऊन हे सांगा, पोलिसांना कळवा. त्या क्षणी हे बोलणं फार अवघड जातं. तरी बोला.

पैसा, दबाव आणि वाळू

पहिल्या आठवड्यात कुणीतरी पाकीट पुढे करेल. "चहापाणी" म्हणेल, "सगळेच घेतात" म्हणेल. तेव्हाच सगळ्यांदेखत, आवाज न चढवता परत करा. एकदाच नीट परत केलं की गावभर होतं आणि पुन्हा त्रास होत नाही. एकदा घेतलंत की तेही गावभर होतं. लाच मागितल्याची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ क्रमांकावर जाते, सापळा लागतो, आणि ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिलं की निलंबन झालंच असं मानलं जातं. माझ्या बरोबरचे काही हुशार लोक असे गेले. त्यांच्या मुलांना शाळेत काय ऐकावं लागलं ते मला माहीत आहे, म्हणून या विषयावर मी हळू बोलत नाही.

दबाव बहुतेक वेळा तोंडी येतो. त्यावर एकच उपाय: तोंडी सूचना कागदावर आणा. "आपल्या दूरध्वनीवरील सूचनेनुसार" अशी सुरुवात करून दोन ओळींचं पत्र पाठवा. निम्म्या सूचना तिथेच विरतात.

भीमेकाठच्या सज्जात वाळूचा प्रश्न येणारच. कलम ४८ खाली अवैध उत्खननावर बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड आणि वाहन जप्तीची तरतूद आहे, पण ट्रॅक्टरसमोर एकटं उभं राहण्याची तरतूद कुठेच नाही. रात्री एकटे जाऊ नका. तहसीलदारांना आणि पोलीस ठाण्याला कळवा, कळवल्याची वेळ दैनंदिनीत लिहा, पथकाबरोबरच जा. अंगावर कुणी आलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली गुन्हा नोंदवायचाच. गावात राहायचंय म्हणून मिटवू नका. शौर्य दाखवायला गेलेले तरुण तलाठी जायबंदी झालेले आहेत, आणि वाळू तरीही गेलीच.

अभ्यास आणि पुढची वाट

दुय्यम सेवा परीक्षा पहिल्याच संधीत द्या. नंतर कामाच्या ओझ्यात अभ्यास होत नाही आणि वेतनवाढ, ज्येष्ठता दोन्हींना फटका बसतो. त्यानंतर महसूल अर्हता परीक्षा, तिथून मंडळ अधिकारी. जमीन महसूल अधिनियम १९६६ ची प्रत स्वतःच्या पैशानं घ्या, सरकारी प्रतीवर खुणा करता येत नाहीत. रोज एक कलम वाचा, आणि त्या दिवशी चावडीत आलेला कुठला अर्ज त्यात बसतो ते समासात लिहा. वर्षभरात ते पुस्तक तुमचं होतं.

आषाढीला पंढरपुरात ड्युटी लागेल. नवीन मुलं ती टाळायला बघतात. टाळू नका. पासष्ट एकरातल्या तळावर रात्री दोन वाजता पाण्याच्या टँकरमागे धावताना आरोग्य, पोलीस, नगरपरिषद, वीज मंडळ अशा सगळ्या खात्यांची माणसं ओळखीची होतात. पुढे पूर आला की एका फोनवर तीच मदतीला येतात.

आणि एक वेगळी वही ठेवा. गाव नमुना २१, म्हणजे तुमची दैनंदिनी, ती साहेबांसाठी असते. ही दुसरी वही तुमच्यासाठी. ज्या दिवशी एखाद्याचं काम खरंच पूर्ण झालं त्या दिवशी एक ओळ लिहा: गट क्रमांक, काय अडलं होतं, किती दिवस लागले, कसं सुटलं. माझ्या अशा सात वह्या आहेत. गुडघ्यांमुळे आता शिव फिरता येत नाही, पण संध्याकाळी त्यातली एखादी उघडली की तो गट, तो बांध, ती माणसं सगळी समोर येतात. कधी कधी त्यातल्या एखाद्याची नातवंडं रस्त्यात ओळख देतात. माझ्या बदलीनंतर जन्मलेली ही मुलं, यांना मी कसा माहीत? घरात सातबारा निघाला की माझं नावही निघतं, असं एकानं सांगितलं.

रुजू झालात की पहिल्या सोमवारी सकाळी प्रलंबित फेरफारांची ती यादी समोर घ्या. वरून सगळ्यात जुनी नोंद शोधा. त्या खातेदाराला स्वतः फोन लावा, तुमचं नाव सांगा, आणि कागद काय अडलाय ते विचारा. तो आधी गप्प होईल, कारण चावडीतून असा फोन त्याला कधी आलेला नसतो. मग बोलायला लागेल. ते बोलणं मधे न तोडता ऐकून घ्या आणि त्याला चावडीच्या वारी यायला सांगा.